लिंक बायोत आहे

१

फ्लेमिंगोच्या रीलखाली पहिला प्रश्न: कुठे? दुसरा प्रश्न: किती वाजता? पहिल्याचं उत्तर एका शब्दात होतं. दुसऱ्याचं रोज बदलतं.

२

मुंबईत एका भरतीनंतर दुसरी भरती साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी येते. म्हणजे आजची वेळ उद्या सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. पूर्ण भरतीला शिवडीचा चिखल पाण्याखाली असतो, पक्ष्यांना उभं राहायला जागा नसते. पूर्ण ओहोटीला चिखल इतका उघडा पडतो की पक्षी पाण्याच्या कडेकडेने लांब जातात आणि जेट्टीवरून नुसती गुलाबी रेघ दिसते. मधल्या दोन-तीन तासांत ते जवळ असतात. शिवडीविषयी आम्ही काही जण एक छोटी मराठी साइट चालवतो. तिच्यावर सगळ्यात आधी जे पान केलं, ते या वेळांचं. त्यावर एकही फोटो नाही, तक्ता आहे.

३

इन्स्टाग्रामवर फोटोखाली साइटचा पत्ता लिहिला तर तो नुसता मजकूर राहतो. त्यावर बोट ठेवून काही उघडत नाही. म्हणून सगळे लिहितात, "लिंक बायोत आहे." स्टोरीला लिंक जोडायची सोय आधी पडताळणी झालेल्या किंवा दहा हजार फॉलोअर असलेल्या खात्यांनाच होती. ती सगळ्यांना मिळाली २०२१च्या ऑक्टोबरात. बायोत एकाच्या जागी पाच लिंका ठेवायची मुभा २०२३च्या एप्रिलमध्ये आली. तोवर लिंकांची यादी एका पानावर मांडून देणं हाच एक धंदा झाला होता; लिंकट्री ही कंपनी २०१६ साली मेलबर्नमध्ये त्यावरच उभी राहिली.

४

बघणारा रीलवर थांबतो आणि पुढे सरकतो. बायोपर्यंत जातो तो, ज्याला रविवारी मुलांना घेऊन खरोखर यायचंय. आमची मेहनत या दुसऱ्या माणसासाठी आहे. तो पहिल्यांच्या गर्दीतूनच येतो, त्यामुळे रीलही कराव्याच लागतात.

५

भरतीच्या पानाचा कुणीतरी स्क्रीनशॉट काढला आणि ग्रुपवर टाकला. तो फिरत राहिला. एक कुटुंब दादरहून टॅक्सी करून आलं, तेव्हा जेट्टीला पाणी लागलेलं आणि पक्षी एकही नाही. त्यांच्या मोबाइलवर आमचाच तक्ता होता, मागच्या आठवड्यातला. मुलगी रडवेली झाली होती. त्या दिवसापासून तक्त्याच्या प्रत्येक ओळीत तारीख आहे आणि सगळ्यात वर जाड अक्षरात: हा फोटो पुढे पाठवू नका, पत्ता पाठवा.

पत्ता पाठवला की पान आजचं उघडतं. चित्र पाठवलं की काढलं त्या दिवशीचंच उघडतं. साइट कशाला हवी, सगळं फेसबुकवर टाका की, असं म्हणणाऱ्याला मी हे एवढंच सांगतो.

६

मराठी पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवून पाहावा. "शिवडी" या शब्दात संगणकाच्या हिशेबाने पाच चिन्हं आहेत: श, ऱ्हस्व वेलांटी, व, ड, दीर्घ वेलांटी. पत्त्यात गेल्यावर प्रत्येक चिन्हाची नऊ रोमन अक्षरं-आकडे होतात, टक्क्याच्या खुणांसकट. शिवडी पंचेचाळीस अक्षरांची होते. पुढे "भरतीच्या वेळा" जोडलं की मोबाइलचा पडदा भरतो. ज्याला असा संदेश येतो त्याला वाटतं, हा फसवणुकीचा आहे. त्याला तसं वाटणं बरोबर आहे.

७

"डॉट भारत" हे देवनागरी नाव २०१४च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. मराठीसाठीही ते आहे. मात्र संदेशात लिहिलं तर कित्येक ॲपना तो पत्ता आहे हे ओळखूच येत नाही. अक्षरं निळी होत नाहीत. ज्या भाषेत वाचायचं त्या भाषेत दार ठोठावता येत नाही, ही गोष्ट माझ्या मनाला लागते. बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आमचा पत्ता रोमन, छोटा, फोनवर तोंडी सांगता येईल असा.

८

कोळीवाड्यातली एक मावशी सकाळी साडेसहाला स्टेटस ठेवते: बोंबील, मांदेली, आज निवट्या. आठपर्यंत माल बोललेला असतो. तिला साइट नको, ट्रॅफिक नको. तिची गिऱ्हाइकं तिला नावाने ओळखतात आणि माल संध्याकाळपर्यंत टिकत नाही. जे संध्याकाळी शिळं होतं त्याला स्टेटस पुरतं.

९

जे दहा वर्षांनीही लागणार, त्याला पान हवं.

१०

साइटवर कोण कुठून आलं हे मोजणारी यंत्रणा असते. फेसबुकहून आलेला फेसबुकच्या रकान्यात पडतो, गूगलहून आलेला गूगलच्या. व्हॉट्सॲपमधून आलेल्याला मात्र बहुतेक वेळा आगापिछा नसतो; तो "डायरेक्ट" या रकान्यात जातो, जणू पत्ता पाठ करून स्वतः टाइप केला. अलेक्सिस मॅड्रिगल या पत्रकाराने २०१२ साली "द अटलांटिक"मध्ये या न दिसणाऱ्या वाटेला "डार्क सोशल" म्हटलं. आमच्याकडे हाच रकाना सगळ्यात मोठा. शिवडी, परळ, लालबागच्या कुटुंबांचे ग्रुप, चाळ कमिट्यांचे, बदलापूर-विरारला गेलेल्या जुन्या शेजाऱ्यांचे. कोणी कोणाला पाठवलं ते आम्हाला दिसत नाही, आणि दिसूही नये.

११

लिंकेच्या शेपटाला जी "यूटीएम" अक्षरं असतात त्यातला "यू" म्हणजे अर्चिन. मोजणीयंत्र बनवणारी ही कंपनी २००५ साली गूगलने विकत घेतली आणि तिच्या यंत्रातून गूगल ॲनालिटिक्स झालं. शेपूट लावली तर कळतं, कुठल्या पोस्टवरून माणूस आला. लिंक लांब होते आणि लोक घाबरतात. आमच्या साइटवर गिरणी कामगारांच्या घरांचं आणि टीबीचंही पान आहे; त्या पानांना आम्ही शेपूट लावत नाही.

१२

धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. आठवडी बाजारात आलेल्या पाच भटक्या माणसांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. पुढच्या वर्षी ती जगभर लागू झाली.

आमची एखादी लिंक पाचाच्या वर जात नाही तेव्हा आमच्यातले तरुण कुरकुरतात. मी त्यांना राईनपाडा सांगतो.

१३

फेसबुकने २०१८च्या जानेवारीत जाहीर केलं की पानांपेक्षा मित्र-नातेवाइकांच्या पोस्ट वर दाखवू. ज्यांनी वाचक फेसबुकवर गोळा केला होता त्यांचा वाचक तिथेच राहिला, भेट कमी झाली. रॉयटर्स इन्स्टिट्यूटने २०२४च्या सुरुवातीला चार्टबीटच्या आकड्यांवरून सांगितलं: बातम्यांच्या साइटवर फेसबुकहून येणारी रहदारी २०२३ या एका वर्षात ४८ टक्क्यांनी घटली, एक्सवरून येणारी २७ टक्क्यांनी.

एक्सचे मालक एलॉन मस्क यांनी २०२४च्या नोव्हेंबरात सुचवलं, की मूळ पोस्टमध्ये मजकूर लिहा आणि लिंक खालच्या उत्तरात टाका. फेसबुकवर आपली मराठी मंडळी हे कधीपासून करतात: "लिंक पहिल्या कमेंटमध्ये."

१४

४ ऑक्टोबर २०२१. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तिन्ही सुमारे सहा तास बंद. कारण कंपनीच्याच आतलं: जाळ्याच्या देखभालीत एक आज्ञा चुकीची गेली आणि त्यांचे पत्ते जगाला सापडेनासे झाले. त्या रात्री ज्यांच्याजवळ स्वतःचा पत्ता होता त्यांची पानं उघडत होती.

१५

ऑर्कुट बंद झालं ३० सप्टेंबर २०१४ला. टिकटॉकवर भारतात बंदी आली २९ जून २०२०ला. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी जणांचे लाखभर फॉलोअर एका रात्रीत गेले. त्यांच्यापाशी त्यांच्या बघणाऱ्यांचा फोन नंबरही नव्हता.

गूगलने आपली छोट्या लिंकांची सेवा नव्या लिंकांसाठी २०१९ साली बंद केली. छापील पत्रकांवर त्या लिंका अजून आहेत.

१६

गिरणी कामगारांच्या घरांचं पान.

१ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेले कामगार आणि त्यांचे वारस, असा निकष. गिरण्यांचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ला; अडीच लाखांच्या आसपास माणसं होती. घरांसाठी म्हाडाकडे अर्ज आले सुमारे पावणेदोन लाख. २०१२च्या जूनमधली सोडत ६,९२५ घरांची. १ मार्च २०२०ची सोडत ३,८९४ घरांची, वडाळ्याची बॉम्बे डाईंग, स्प्रिंग मिल आणि लोअर परळची श्रीनिवास मिल मिळून. २०२३च्या सप्टेंबरात म्हाडाने उरलेल्यांची पात्रता तपासायची मोहीम काढली, कागदपत्रं ऑनलाइन किंवा वांद्र्याला आणून द्या म्हणून.

कागद कोणते? ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, ईएसआयचा नंबर, हजेरीपत्र, पगाराची पावती. चाळीस वर्षांपूर्वीचे. पत्र्याच्या पेटीत असले तर असले.

आमच्या पानावर ही यादी आहे आणि म्हाडाच्या खऱ्या साइटची लिंक. दुसरं काही नाही. फ्लेमिंगोच्या रीलला जेवढी माणसं येतात तेवढी इथे कधीच येत नाहीत. जी येतात ती पान शेवटपर्यंत वाचतात.

१७

नातू बदलापूरहून लिंक पाठवतो. आजोबा शिवडीत. ते लिंक उघडत नाहीत. मोबाइल खिशात घालून झेरॉक्सच्या दुकानात जातात. दुकानदार पान उघडतो, छापतो, पाच रुपये घेतो. कागद चाळीत फिरतो. मोजणीयंत्रात एक भेट पडते.

१८

ग्रुपवर आलेला संदेश, साधारण असा: गिरणी कामगारांनो, शेवटची तारीख उद्या, लगेच भरा, सर्वांना पाठवा. तारीख लिहिलेली नाही. "उद्या" कधीपासून फिरतोय कोण जाणे. एक आजी या उद्यामुळे तापात उठून बाहेर पडल्या. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे: "उद्या" लिहू नका, तारीख लिहा. वर्षही लिहा.

१९

म्हाडाच्या साइटसारख्या दिसणाऱ्या बनावट साइट निघतात. त्यांवरून घरासाठी पैसे घेतले जातात. घर मिळवून देतो म्हणणारे दलाल पूर्वी गेटबाहेर उभे असत, आता लिंक पाठवतात. वाहतुकीचा दंड भरा म्हणून ॲपची फाइल पाठवणारेही त्यांतलेच; ती उघडून ॲप बसवलं की बँकेचं खातं रिकामं होऊ शकतं.

पोलीस सांगतात, अनोळखी लिंक उघडू नका. आम्ही सांगतो, लिंक उघडा. दोघंही त्याच आजोबांना सांगतो आहोत.

म्हणून आम्ही म्हाडाच्या लिंकेशेजारी पत्ता कसा संपतो ते मोठ्या अक्षरात लिहिलं: जीओव्ही डॉट इन. दुसऱ्या कशानेही संपला तर परत फिरा. आणि आमच्या पानावर पैसे, आधार, ओटीपी, काहीही मागितलं जात नाही, हे पहिल्या ओळीत.

२०

शिवडीचं क्षयरोग रुग्णालय आशियातल्या मोठ्या क्षयरोग रुग्णालयांत मोजलं जातं. परळ-लालबागच्या जुन्या घरांत "शिवडीला ठेवलंय" एवढं म्हटलं की पुढचं विचारत नसत.

आमच्या साइटवर सगळ्यात कमी शेअर होणारं पान टीबीचं. आणि रात्री अकरानंतर सगळ्यात जास्त उघडलं जाणारं पानही तेच. लोक गूगलवर शोधत येतात, एकेकटे. "टीबी झालेल्याचं लग्न होतं का", "टीबीचं औषध किती महिने", "शिवडी टीबी केसपेपर कुठे". कुटुंबाच्या ग्रुपवर ही लिंक कोणी टाकत नाही.

सोशल मीडियावर पुढे जातं ते दाखवण्यासारखं. लागतं ते पुष्कळदा लपवण्यासारखं असतं. साइटचा पसारा फक्त शेअर किती झालं यावर ठरवला असता तर हे पान केव्हाच काढून टाकलं असतं.

२१

लिंक पाठवली की व्हॉट्सॲपमध्ये तिच्यासोबत एक छोटी चौकट दिसते: चित्र, मथळा, एक ओळ. ही ओळ साइटवाल्यानेच लिहून ठेवायची असते. ती पद्धत फेसबुकने २०१० साली सुरू केली. टीबीच्या पानाच्या चौकटीत आम्ही आजाराचं नाव ठेवलेलं नाही, रुग्णालयाचा फोटोही नाही. तिथे फक्त आहे: "उपचार आणि मदत, शिवडी". बहिणीने भावाला लिंक पाठवली आणि त्याचा मोबाइल दुकानातल्या टेबलावर पडलेला असला, तर शेजारच्याला काही कळू नये.

लोकांना खेचून घेईल असा मथळा द्या, असं या धंद्यातला प्रत्येक जण शिकवतो. या एका पानाला आम्ही उलट केलं.

२२

टीबीची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी पैसे खात्यात येतात: निक्षय पोषण योजना, एप्रिल २०१८पासून महिन्याला ५०० रुपये, १ नोव्हेंबर २०२४पासून १,०००. ग्रुपवर फिरणारं पोस्टर अजून ५०० म्हणतं. छान रंगीत आहे, कुणी मनापासून केलेलं.

२३

व्हीटी स्टेशनचा फोटो आणि गेटवेचा फोटो टाकला नाही असं मुंबईतलं खातं सापडणं कठीण. व्हीटीचे वास्तुरचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स आणि गेटवेचे जॉर्ज विटेट, दोघांच्याही कबरी शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. दफनभूमी १८६५ची, आर्थर क्रॉफर्डच्या काळातली. त्याआधी तिथे वनस्पतींची बाग होती.

या पानाची लिंक व्हीटीच्या फोटोखाली दिली तेव्हा लोक आले. दफनभूमीच्या फोटोखाली दिली तेव्हा कुणी आलं नाही. ज्यांनी पान पूर्ण वाचलं त्यांतल्या काहींनी लिहून विचारलं, आत जाता येतं का, फुलं न्यायची आहेत.

२४

शिवडीचा किल्ला इंग्रजांनी १६८०च्या सुमारास बांधला. १६८९ साली सिद्दी याकूत खान इथेच उतरला आणि मुंबईचा बराच भाग त्याने घेतला. एका रीलने या किल्ल्याला "मुंबईतला गुप्त किल्ला" म्हटलं आणि रविवारी तिथे रांग लागली. वर जाऊन पोरं खाडीकडे पाठ करून उभी राहतात, फोटोत खाडी येते. त्यांतलं एक पोर याकूत खानाचं नाव वाचून आलं होतं, त्याने मला दोन प्रश्न विचारले. मला तो दिवस पुरला.

२५

अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ला झालं. लांबी २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावर, सुरुवात शिवडीतून. पहिल्याच दिवसांत लोकांनी पुलावर गाड्या थांबवून सेल्फी काढल्या आणि पोलिसांना दंड करावा लागला. पुलाच्या शिवडीकडच्या भागाला आवाज अडवणाऱ्या भिंती लावल्या आहेत, त्या पक्ष्यांसाठी.

"शिवडी" शोधणारे आता अर्धे पुलासाठी येतात. टोल किती, दुचाकी चालते का. दुचाकी चालत नाही. हे आम्ही फ्लेमिंगोच्या पानावरही लिहिलं, कारण लोक तिथेच येऊन विचारतात.

२६

जेट्टीवर एका मुलाने जोरात टाळ्या वाजवल्या. पक्षी उडाले नाहीत. मग त्याने दगड उचलला. उडणारा थवा हवा होता, उभ्या पक्ष्यांना व्ह्यूज कमी मिळतात. एका कोळी आजोबांनी त्याचा हात धरला. "अरे बाबा, जेवतायत ते. तुला कोणी ताटावरून उठवलं तर?"

पक्षी खरोखर जेवत असतात. दिवसाचा मोठा भाग चिखलातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खाण्यात जातो आणि गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. पुढच्या दूरच्या प्रवासाची ताकदही इथेच भरून घ्यायची असते.

त्या रात्री आम्ही आमच्या खात्यावरचे उडत्या थव्याचे सगळे व्हिडिओ काढले. सगळ्यात जास्त माणसं साइटवर आणणारे तेच होते. आता उभे पक्षी, चोच चिखलात. रीच पडला. पडू दे.

२७

२० मे २०२४च्या रात्री घाटकोपरवरून उतरणाऱ्या विमानाला थवा धडकला. एकोणचाळीस फ्लेमिंगो मेले. पुढचे काही दिवस आमच्या पानावर कधी नव्हती एवढी गर्दी होती. लोक पंखांचे फोटो बघून येत होते आणि आम्ही त्यांना ठाणे खाडीचा नकाशा दाखवत होतो: फ्लेमिंगो अभयारण्य २०१५चं, पाणथळ जागांच्या रामसर यादीत २०२२ला, आणि शिवडीचा चिखल त्या हद्दीबाहेर. नकाशा पाहून काहींनी विचारलं, बाहेर का? हा प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकायची वाट पाहत होतो. तो अशा बातमीमुळे यावा याचं दुःख आहे.

२८

कॅनडात नवा कायदा आला आणि २०२३च्या ऑगस्टपासून फेसबुक-इन्स्टाग्रामने तिथे बातम्यांच्या लिंका दाखवणं थांबवलं. त्याच महिन्यात यलोनाइफ हे शहर वणव्यामुळे रिकामं करावं लागलं. लोक बातम्यांचे स्क्रीनशॉट काढून एकमेकांना पाठवत होते. कुठला रस्ता उघडा, कुठला बंद. चित्रातला रस्ता चित्र काढलं तेव्हा उघडा होता.

२९

ग्रुपवर फिरणारे संदेश: केईएममध्ये अमुक गटाचं रक्त तातडीने हवं, हा नंबर. टाटामध्ये लहान मुलासाठी हवं, हा नंबर. नंबर लावला तर पलीकडचा माणूस दमलेल्या आवाजात सांगतो, "झालं हो ते, दोन वर्षं झाली. माणूस गेला आमचा." तरी फोन येत राहतात.

केंद्र सरकारचं ई-रक्तकोश नावाचं पोर्टल आहे. कुठल्या रक्तपेढीत कुठलं रक्त किती, ते तिथे बघता येतं. कोरडं पान आहे. पुढे पाठवायला तेच पाठवा. त्या माणसाचा फोन तरी थांबेल.

३०

लालबागचा राजा, १९३४पासून. गणेशोत्सवात घरबसल्या दर्शन यूट्यूबवर चालू असतं. पहिल्या दर्शनाचे व्हिडिओ तासाभरात गावोगाव पोचतात. हेच मंडळ डायलिसिस केंद्रही चालवतं, कमी पैशांत. शिवडीतल्याच एका काकूंना हे त्यांच्या नवऱ्याच्या आजारपणात तिसऱ्या महिन्यात कळलं. राजाचे व्हिडिओ त्यांच्या मोबाइलवर आधीपासून होते.

३१

जून. पक्षी गेले. इन्स्टाग्रामवरून कुणी येत नाही. भरतीच्या पानावर मात्र गर्दी वाढली आहे, आणि ती हिंदमाता, परळ, दादर पूर्वेची. साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांचे दिवस महापालिका दर पावसाळ्याआधी जाहीर करते. अशा भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस असला की पाणी समुद्रात जात नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा व्हॉट्सॲप जन्मायचं होतं. त्या दिवसाचे व्हिडिओ आजचे म्हणून दर जुलैत फिरतात. हिंदमाताचं पाणी साठवायला आता जमिनीखाली टाक्या आहेत. तरी कापडाचे दुकानदार सकाळी भरतीची वेळ बघूनच खालच्या फळीवरचा माल वर उचलतात.

त्यांच्यापैकी एकाने कळवलं: साडेचार मीटरचे दिवस लाल करा आणि वर आणा. केले. पानाचं नाव "फ्लेमिंगो कधी पाहाल" होतं, ते "शिवडीची भरती-ओहोटी" केलं. गुलाबी रंग काढला.

३२

झेरॉक्सवाल्याचा निरोप आला. गिरणी कामगारांचं पान छापलं की दोन कागदांवर जातं, दुसऱ्या कागदावर तीनच ओळी. लोक दुसरा कागद घेत नाहीत, आणि कागदपत्रांची यादी तिथेच संपते. "एका कागदावर बसवा. अक्षर मोठं. खाली तारीख टाका, कधीची माहिती ते कळू दे."

बसवलं. चित्र काढलं, वरची पट्टी काढली, शेअर करायची बटणं छापताना जातील असं केलं. खाली तारीख आणि साइटचा पत्ता, रोमन अक्षरांत, ठळक, म्हणजे कागद हातात घेऊन कुठल्याही दुकानात तो टाइप करून घेता येईल.